बारा वर्षांच्या चिठ्ठ्या

कोपरा फाडलेलं कार्ड लोणारला माझ्या हातात पडलं तेव्हा गणपतदादाला जाऊन तीन दिवस झाले होते. मोटार, आगगाडी, पुन्हा मोटार असं करत जळगाव जामोदला पोचले तो पाचवा दिवस. वहिनीजवळ बसले, मग उठून दादाच्या खोलीत गेले. कोपऱ्यातलं त्याच्या चिठ्ठ्यांचं पोतं नव्हतं. दादाचा धाकटा भाऊ शंकर दारात उभा होता, त्याला विचारलं.

"कागद? सोडले ना ताई पूर्णेत, राखेसंगं. लेखी कागद कोनाच्या पायाखाली आले असते तं? सरस्वती हाय ते."

वाईट बुद्धीने केलं असतं तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण त्याने ते हात जोडून केलं होतं. जमलेल्या मंडळींनी मानाही डोलावल्या होत्या. आज दीड महिना झाला, माझा संताप उतरलेला नाही.

दादा माझा चुलतभाऊ, शाळेत इंग्रजी शिकवायचा. कोशात एका शब्दापुढे पाच अर्थ, पाचांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि पोरं घोकून घोकून छड्या खातात, याची त्याला चीड होती. "शब्दाले कूळ असते, यमे. ते सांगतलं का पोरगं जन्मात इसरत नाही," म्हणायचा. म्हणून स्वतःचाच कोश करायला घेतला. जुन्या पाठकोऱ्या उत्तरपत्रिका कापून त्याने चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक अर्थ. दाभणाने भोक पाडून एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या एका सुतळीत ओवायच्या. महायुद्धात कागद मिळेना तेव्हा लग्नपत्रिकाही कापल्या. अशी बारा वर्षं. दिवाळीनंतर पोतं नागपूरच्या छापखान्यात जायचं होतं.

लिहिलेलं तो आधी लोकांना ऐकवून बघे. 'बोर्ड' या शब्दासाठी सुताराकडे गेला तेव्हा मी सोबत होते. बोर्ड म्हणजे मुळात लाकडाची फळी. फळीचं टेबल झालं, टेबलावर जेवण आलं, म्हणून जेवणालाही बोर्ड. पुढे त्याच टेबलाभोवती बसून कारभार ठरवणारे लोक, तेही बोर्ड. सुताराने रंधा थांबवून सगळं ऐकलं.

"मंग इंग्रज आपल्यासारखाच हाय की मास्तर. पंगत झाल्याबिगर पंचाचं तोंडच उघडत नाही."

दादा इतका हसला की भुशात बसला. ते वाक्य सुताराच्या नावासकट चिठ्ठीवर चढलं.

गेल्या चैत्रात तो पोतं घेऊन लोणारला आला होता. खोकला होता... मी विचारलं, त्याने उडवून लावलं. 'बोर्ड'वरून आमचं वाजलं. जहाजाच्या कडेच्या फळ्यांनाही बोर्ड म्हणत, म्हणून जहाजावर चढण्यालाही तोच शब्द. मी म्हटलं, "आपल्या पोरांनी जहाज पाहिलंय कुठे? दुसरा दाखला शोध." "तूच शोध मंग," म्हणून ती सुतळी त्याने माझ्यापुढे टाकली. निघताना म्हणाला, "पोतं तुह्याच घरी राहू दे, यमे. आमच्या घरचे लोक लय भाविक हायेत." मला वाटलं, थट्टा करतोय. म्हटलं, "माझ्याकडे उंदीर आहेत. घरी ने." त्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि मोटारीकडे गेला. शंकरवर संतापताना हे मी कुणाला सांगितलं नाही. इथे सांगते आहे.

उंदरांनी फार तर चार शब्द खाल्ले असते.

'बोर्ड'ची ती सुतळी तेवढी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे, फडताळाशेजारी. परवा पीठ झटकायला काढली तेव्हा शेवटची चिठ्ठी पहिल्यांदा नीट पाहिली. लग्नपत्रिकेचा तुकडा, मागे कुणाच्या तरी मुहूर्ताची अर्धी ओळ. पुढे त्याच्या अक्षरात एवढंच... 'जहाज. यमीला विचारणे.' खाली चिठ्ठी कोरी.

दाखला मला सापडलाय, दादा. विचार ना आता.