अक्काचा गुडघा आणि सड्यावरची वाट

आधी हे ऐका. बॅग अजून सोडली नाहीये, सँडलमध्ये वाळू तशीच आहे, पण हे सांगितल्याशिवाय मी आंघोळीला जाणार नाही. माझी आत्या कोकणात समुद्राच्या कड्यावरून एका गावातून दुसऱ्या गावात चालत गेली. गुडघा बदललेला असताना.

आत्याला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, तिचा मुलगा नीलेशदादासुद्धा. ते पिंपळनेरला राहतात, मी धुळ्यात, देवपूरला. ऑपरेशन झाल्यापासून दादाने अक्काचं शेतात जाणं बंद केलंय. डॉक्टर म्हणतात चाला, दादा म्हणतो बस. त्यामुळे अक्का दिवसभर ओट्यावर लसूण सोलते आणि रस्त्याकडे बघते. यंदा मार्चमध्ये आम्ही तिघं कोकणात निघालो, तेव्हा तिने गाडीतच अट घातली. तिकडे चालून दाखवलं तर घरी आल्यावर शेतात एकटी जाणार, कोणी आडवं यायचं नाही. दादा हसत हो म्हणाला. त्याला वाटलं, वाळूवर चार पावलं टाकेल आणि दमेल.

माडवाडीला पोचलो तेव्हा समोर एकदम समुद्र. अक्का आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. म्हणाली, "इतलं पानी, आन् एक घोट पेवाले नही." (एवढं पाणी, आणि प्यायला घोटभर नाही.) आमच्याकडच्या माणसाला आधी हेच दिसणार ना!

मुक्काम सुमनकाकींच्या घरी होता, त्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. सकाळी पांढरेशुभ्र, जाळीदार घावणे आणि नारळाची चटणी. अक्काने पिशवीतून ठेचा काढला तेव्हा कुठे तिला ते गोड लागले. काकींनीच सांगितलं की वर सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) कड्याकडेने पायवाट जाते, तासाभरात वेतबंदर. पण सकाळी लवकर जा, आता अकरा वाजलेत, जीव जाईल.

यावर आम्ही दोघी हसलो. ऊन? आम्हाला? धुळ्यात मे महिना काढलेली माणसं आम्ही. अक्का म्हणाली, "आमनाकडे याले ऊन म्हंतस नही." (आमच्याकडे याला ऊन म्हणत नाहीत.)

दादा गाडी घेऊन रस्त्याने गेला. अक्काला सांभाळायचं काम माझ्यावर. निघताना अक्काने स्वतःच्या आणि माझ्या डोक्याला ओला रुमाल बांधला, कान झाकून, गच्च, आपल्याकडे लू (उन्हाळ्यातला गरम वारा) लागू नये म्हणून बांधतात तसा. पाण्याची एकच बाटली घेतली.

वर आलो. पायाखाली काळा कातळ, त्यावर सोनेरी वाळकं गवत, आणि दहा पावलांवर जमीन संपलेली. खाली लाटा फुटताना दिसायच्या आणि आवाज नंतर वर यायचा. होड्या भुईमुगाच्या शेंगांएवढ्या. एक मोठा पांढऱ्या पोटाचा पक्षी चक्क आमच्या खाली उडत होता! अक्का काठी टेकत, एका लयीत चाललेली. ना घाई, ना थांबणं.

अर्ध्या वाटेत गडबड झाली. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो. इथे तो वाळतच नाही. कुर्ता अंगाला चिकटला, रुमालाच्या आत डोकं उकडायला लागलं, पाणी संपलं, डोळ्यांपुढे काजवे. मी एका गडग्याला (दगडी बांधाला) टेकून खालीच बसले. मी! गुडघेवाली नाही, मी!

दादाला फोन करून गाडी वर बोलवावी असं मी म्हटलं. अक्काने फोन माझ्या हातातून घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. गाडी आली असती तर तिचं चालणं तिथेच संपलं असतं, आणि शेतसुद्धा. पण ती नंबर लावायला लागली. माझ्यासाठी.

तेवढ्यात गडग्यापलीकडून सुमनकाकी. त्यांची काजूची झाडं तिथेच, बिया गोळा करायला आल्या होत्या. आमचे अवतार बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि सरळ माझा रुमाल ओढून काढला.

"कान कशाला बांधलेत गो? इथे वाऱ्यानेच माणूस जगतो. मोकळे सोड."

मग अक्काचाही रुमाल सोडला. खरंच सांगते, समुद्राकडचा वारा कानांत शिरला आणि पाच मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं. काकींनी मीठ घातलेलं कोकम सरबत पाजलं. अक्काने त्यांना कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी दिली. काकी खाताना विचारत होत्या, हिच्या पिठात पाणी किती घालता, आणि अक्का शाळेतल्या बाईंसारखी समजावत होती.

फोन अक्काने पिशवीत टाकला. माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला म्हणाली, "चाल. हळू चाल, मी शे." (मी आहे.)

वेतबंदरला दादा गाडीला टेकून उभा होता. वरून आधी अक्का उतरली, दोन्ही खांद्यांवर दोन बॅगा, केस वाऱ्याने उडालेले, आणि मागे मी, उताराने गुडघा धरल्यामुळे लंगडत. दादाने धावत येऊन तिच्या गुडघ्याचं विचारलं.

"मन्हा सोड. हिना देख." (माझा सोड, हिचा बघ.)

दादाने तिच्या खांद्यांवरच्या बॅगा उतरवून गाडीत टाकल्या. परतीच्या वाटेत शेताचा विषय कोणी काढला नाही. मला वाटलं, विसरला.

काल रात्री मला देवपूरला सोडून ते पिंपळनेरला गेले. आत्ता तासाभरापूर्वी दादाचा फोन आला. म्हणाला, अक्का सकाळी चहा पिऊन शेतात गेली, एकटी. मी विचारलं, थांबवलं नाहीस? तर म्हणाला, "काठी मीच हातात दिली."

मी तिला सांभाळायला गेले होते, बघा. आपण ज्यांना जपून घरी बसवतो, त्यांनीच आपल्याला हाताला धरून पुढे नेलं, असं तुमच्याही बाबतीत झालंय का?