तुम्ही आलात तर आठ होतात

चष्मेवाल्यांच्या दुकानात डोळे तपासायला जाणं तसं धोक्याचंच. माणूस खुर्चीत बसतो, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढते, समोरची अक्षरं पुसट, पळून जायला वाव नाही. आणि चष्मेवाले भिंगं बदलता बदलता विचारतात, "ही ओळ दिसते?"

"दिसते."

"खालची?"

"नाही."

"बरं, आणि रविवारी सकाळी काय करता?"

असे सहा खेळाडू त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत आपल्या क्रिकेट क्लबात ओढले होते. त्यातला एक चांगला सलामीवीर निघाला. बाकीच्या पाचांना निदान चेंडू दिसू लागला.

साठीला टेकलेला हा माणूस एकोणीस वर्षं क्लबाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टेबल-खुर्ची आली असेल, तर ती पुसून टाका. त्यांचं काम एकच, शनिवारी फोन करायचे आणि रविवारसाठी माणसं जमवायची. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. एकाची पाळी बदललेली, दुसऱ्याच्या मुलीचा क्लास, तिसऱ्याचा गुडघा. चौथ्याची सासू येणार. तरुणांना तासाभरात उरकणारा खेळ हवा, दिवसभर उन्हात उभं राहायचं म्हटलं की त्यांच्या फोनची रेंज जाते. लीगमध्ये एकेकाळी सोळा क्लब होते, आता नऊ उरलेत. जे गेले ते हरून गेले नाहीत, माणसं जमेनात म्हणून गेले.

लीगचा नियम असा, की नाणेफेकीला आठ खेळाडू मैदानावर हवेत. सात असले तर सामना सोडला असं धरतात. एका मोसमात तीन सामने सोडले, की क्लबाचं नाव लीगमधून बाद. म्हणून चष्मेवाल्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं. प्रत्येकाला फोनवर ते अगदी हळू आवाजात सांगायचे, "तुम्ही आलात तर आठ होतात. नाही आलात तर सातच." पहिल्याला फोन लावला तरी तो आठवा, आणि विसाव्याला लावला तरी तोही आठवा. वीस आठव्यांतून नऊ-दहा यायचे. कमी पडलं तर चष्मेवाले स्वतः पांढरे कपडे चढवून शेवटच्या नंबरला जायचे. एकोणीस वर्षांतली त्यांची सर्वोच्च धावसंख्या नऊ. ती ते विचारल्याशिवायही सांगत.

"खोटं बोलून माणसं गोळा करता," बायको म्हणायची. "एखाद्या दिवशी सगळे एकदम येतील, मग बसा निस्तरत."

"तुझ्या तोंडात साखर पडो," ते म्हणायचे.

यंदाच्या मोसमात मात्र दोन सामने सोडावे लागले होते आणि शेवटचा एकच सामना राहिला होता. शनिवारी दुपारपर्यंत होकार आले चार. चष्मेवाल्यांना घास गिळेना. ताट तसंच ठेवून ते दुकानात गेले आणि एका बाईंच्या फ्रेमला उलटी दांडी बसवून दिली. एकोणीस वर्षं जे हातात धरून ठेवलं ते उद्या साडेनऊच्या नाणेफेकीला सुटणार, आणि तेही तीन-चार माणसांसाठी, हे त्यांना खरंच सहन होत नव्हतं.

रविवारी आठ वाजताच ते मैदानावर हजर. यष्ट्या रोवल्या आणि बोटं मोजत फाटकाकडे बघत बसले. पहिले आले कर्णधार, शाळेत गणित शिकवणारे मास्तर. मग बसचालक, क्लबाचा वेगवान गोलंदाज. मग ज्याच्या गुडघ्याचं दुखणं तीन वर्षं चालू होतं तो. नऊला स्वतःला धरून सहा झाले. नऊ वाजून पाच मिनिटांनी सात. आणि फाटकातून जांभई देत बायकोचा भाऊ आला. मेव्हणा आला म्हणून माणसाला इतका आनंद झाल्याचं कुणी पाहिलं नसेल.

"काय भाऊजी," तो म्हणाला, "वाचवला ना तुमचा क्लब?"

"वाचवलास बाबा," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण फाटक काही थांबेना. नववा आला, अकरावा आला, चौदावा आला. दोन वर्षांपूर्वी खेळ सोडलेले आले. एक तर तीन गावं ओलांडून आला. जो तो छाती पुढे काढून, उपकार केल्याच्या चेहऱ्याने आत शिरायचा. सव्वानऊला तेवीस माणसं उभी होती आणि एकमेकांकडे बघत होती.

"मला तर म्हणाले, मी आठवा."

"तुम्ही कसे आठवे? आठवा मी."

मास्तरांना सवयच वर्गाची. ते म्हणाले, "इथे आठवे कोण कोण आहेत, हात वर करा."

तेवीस हात वर झाले. चष्मेवाल्यांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"पण मी तर पंधराच जणांना फोन केले," ते शेवटी पुटपुटले.

"आम्हाला तुमचा फोन नव्हताच," गुडघेवाला म्हणाला. "आमच्या हिला तुमच्या हिचा होता. सकाळी सहाला उठवून हाकललं मला."

सगळ्यांनी सीमारेषेकडे पाहिलं. तिथे चष्मेवाल्यांची बायको गुणवही उघडून पेन्सिलीला टोक काढत बसली होती. आदल्या दिवशी नवऱ्याचं भरलेलं ताट पाहून तिने यादी उचलली होती आणि एकेका घरी फोन लावला होता. नवऱ्याचंच वाक्य, फक्त 'तुम्ही'च्या जागी 'तुमचे हे'. "तुमचे हे आले तर आठ होतात." तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा टोक काढू लागली. पहिल्यांदा मेव्हण्याला हसू फुटलं, मग बसचालकाला, मग कुणालाच आवरेना.

चष्मेवाल्यांनी अकरा नावांची यादी लिहिली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्यात त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. क्लब वाचला याचा आनंद पोटात मावत नव्हता. तरी बॅग बंद करताना आतले इस्त्रीचे पांढरे कपडे दिसले आणि जरा वाईट वाटलंच.

तेवढ्यात त्यांचं लक्ष मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. समोरच्या क्लबाचा कर्णधार, एक बेकरीवाला, फाटकाकडे बघत बोटं मोजत होता. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. त्याच्यामागे पाच माणसं. ते मोजणं चष्मेवाल्यांना चांगलं ओळखीचं होतं.

बेकरीवाला जवळ आला. "काका, पंधरा मिनिटं थांबाल का? दोघं रस्त्यात आहेत." मग खाली बघत म्हणाला, "कुणी रस्त्यात नाही. सहाच आहोत. आमचेही दोन सामने सुटलेत."

"म्हणजे आपण न खेळताच जिंकलो," मागून कुणीतरी म्हणालं. "चला, फुकटचे गुण."

आता चष्मेवाले तापले. "जिंकलो म्हणे! नवाचे आठ होतील, आठाचे सात. मग एक दिवस आपण एकटेच उरू आणि आपल्याच पाठीवर थाप मारत बसू. खेळायचं कुणाशी, आरशाशी?"

चष्मेवाले अंपायरकडे वळले. "कलम अठरा. समोरचा क्लब राजी असेल तर उसने खेळाडू चालतात."

अंपायरने नियमांची वही काढली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला. तोही यांच्याच दुकानातला. "आहे खरं," तो म्हणाला. "आजवर कुणी वाचलं नव्हतं."

"पाच देतो," चष्मेवाले बेकरीवाल्याला म्हणाले. "द्यायचेच तर अकरा पुरे करू."

तिकडे फलंदाजीला वरची जागा मिळेल या आशेने मेव्हणा पहिला निघाला. अजून तिघं गेले. पाचवा कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"काका," मास्तर म्हणाले, "तुमची बॅग कुठाय?"

चष्मेवाले बॅग उचलून जवळजवळ धावतच कपडे बदलायला गेले.

सामना रंगला. सीमारेषेवर आठ आठवे आणि त्यांच्या घरची माणसं बसून दोन्हीकडच्यांना चिडवत होती. मेव्हण्याने चक्क चाळीस धावा ठोकल्या आणि प्रत्येक चौकारानंतर बहिणीकडे बघून बॅट उंचावली. शेवटची जोडी मैदानात आली तेव्हा बेकरीवाल्याच्या संघाला दोन धावा हव्या होत्या आणि समोर चष्मेवाले उभे होते. चेंडू बसचालकाच्या हातात.

"काका, दया नाही हं," तो म्हणाला.

"मागितलीय कुणी?"

चेंडू आला. चष्मेवाल्यांनी बॅट फिरवली ती पुढे, चेंडू गेला मागे. कड घेऊन यष्टिरक्षक मास्तरांच्या हातमोज्याला चाटून तो थेट सीमेपार. त्याला फटका म्हणायची हिंमत त्यांना स्वतःलाही झाली नाही. पण धावा चार झाल्या, आणि एकोणीस वर्षं ज्या क्लबासाठी जीव टाकला त्यालाच त्यांनी हरवलं होतं. हरलेले अकरा जण आधी धावत आले आणि त्यांना उचलून घेतलं. बायकोने गुणवहीत चार लिहिले, आणि कधी नव्हे ते त्याभोवती गोल काढला.

पुढचा मोसम आला. लीगमध्ये क्लब नऊच्या नऊ. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी चष्मेवाले यादी घेऊन दुकानात बसले, पण फोन उचलवेना. त्यांचं ते वाक्य आता सगळ्यांनाच पाठ होतं. लोकांना बोलवायचं तर काय सांगून? तासभर झाला तरी सुचेना.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर होते.

"काका, उद्या काय करताय?" आवाज अगदी हळू. "तुम्ही आलात तर आठ होतात. नाही आलात तर सातच."

मागे सात-आठ जणांची खुसपुस चालली होती. बसचालकाचं हसू तर स्पष्ट ऐकू येत होतं. ज्याने हे वाक्य शोधलं त्याला ते खोटं आहे हे काय कळणार नव्हतं?

"सातच?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "मग यायलाच हवं."

घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "उद्या मला खेळावं लागेल गं. एक माणूस कमी पडतोय."

"हो का?" ती म्हणाली. त्यांचे पांढरे कपडे सकाळपासूनच इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले होते.