तपासलं, वाचलं नाही

आमच्या घरमालकीणबाईंच्या थोरल्या भावाइतकं मराठी वर्ध्यात कुणी पाहिलं नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी मराठी कुणी वाचलंही नसेल. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर राहून करतो आहे. कापूस बाजाराच्या वाटेवरच्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, भजनी मंडळाच्या पुस्तिका, निवडणुकीची पत्रकं, कॉलेजचे वार्षिकांक, गावात जे काही शाईनं कागदावर उमटायचं ते आधी त्यांच्या चष्म्याखालून जायचं. पण त्यात काय लिहिलं होतं असं विचारलं, की ते हात झटकून म्हणायचे, "मले काय माहीत?" सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

याला कारण त्यांची कामाची पद्धत. मामा उलटे वाचायचे. कागदाची फक्त शेवटची ओळ उघडी राहील असं एक जुनं पोस्टकार्ड त्यावर ठेवायचे आणि शेवटच्या शब्दापासून मागे मागे येत पहिल्या शब्दाशी पोचायचे. मग कार्ड एक ओळ वर सरकायचं. हातात दुतोंडी पेन्सिल असायची. चूक सापडली की लाल टोक, शंका आली की निळं. "सरळ वाचलं का मन पुढं पयते," ते मला समजावून सांगायचे, "आन् मन पुढं पयालं का डोया खोटं बोलते. जे कागदावर नाई तेबी त्याले दिसते." हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. छापखान्यात नवे असताना कुठल्याशा लेखकाची कादंबरी छपाईला आली. मामा ती सरळ वाचत गेले, रंगत गेले, शेवटी शेवटी तर रडायलाच लागले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चुकांची अख्खी वरात छापून बाहेर पडली. मालकानं सगळ्यांसमोर विचारलं, "तुले वाचाले ठेवलं का तपासाले?" त्या दिवसापासून मामांनी वाचणं सोडलं. दुसरा कुणी तंबाखू सोडतो तसं.

मी अल्लीपूरहून बी.ए. करायला वर्ध्यात आलो, तेव्हा सत्तरचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. माझी खोली माडीवर, आणि खाली ओसरीवर मामांचा तक्तपोस, म्हणजे लाकडी पलंग. मी माझा पहिला निबंध मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर ठेवला. परत आला तेव्हा तो निबंध आहे की कुंकवाची पुडी फुटलेला कागद, हे कळेना. मामांनी बरोबर शब्द कधीच लिहून दिला नाही. नुसती खूण करायचे. "मी लिवून देईन त मले येईन, तुले कसं येईन?" रविवारी सकाळी कॉलेजातली निम्मी पोरं ओसरीवर वह्या घेऊन बसलेली असत, आणि काकू, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, सडा टाकायला जागा मिळेना म्हणून करवादायच्या. मामांचा मोबदला एक पान. तेही कात कमी, चुना बेताचा.

आता माझ्या पुतणीची लेक कॉलेजात आहे. कॉम्प्युटरवर व्याकरण तपासणारा एक प्रोग्राम मिळतो म्हणे. परवा तिनं विचारलं, "आजोबा, घ्यावा का तो? उपयोग होतो का?" मी म्हणालो, "बाई गं, मी तो तीन वर्षं वापरला आहे. धोतर नेसायचा आणि पान खायचा." तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण उपयोग होतो का, हा प्रश्न आमच्याही वेळी होताच. आमच्या मराठीच्या सरांचा मामांवर राग होता. ओसरीवरून पावन होऊन आलेले निबंध त्यांना लगेच ओळखू यायचे. एकदा सात वह्या एकदम टेबलावर आपटून ते म्हणाले होते, "पाणी अगदी गाळून घेतलंय. पण चहाची पत्ती कुठे आहे?" मी हे मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पत्ती त्यायनंच टाकाव. मी गायनीवाला हाव." गायनी म्हणजे गाळणी.

लोक त्यांच्याकडे वाटेल ते आणत, आणि त्याचं कारणही हेच. मामा वाचत नाहीत याची सगळ्यांना खात्री होती. घरात कुणाला दाखवता येणार नाहीत असे कागद बायाबापड्या त्यांच्यापुढे निर्धास्त ठेवत. माझा खोलीसोबती श्याम याचं वर्गातल्या एका मुलीशी जुळलं होतं. तो तिला लिहिलेली पत्रं मामांकडून तपासून घ्यायचा. कारण ती मुलगी हुशार, चुका पाहून हसेल अशी धास्ती. गंमत अशी, की तीही त्याच धास्तीनं आपली उत्तरं काकूंच्या हातून मामांकडेच पाठवत होती. सहा महिने ते प्रेमप्रकरण दोन्ही बाजूंनी मामांच्या पोस्टकार्डाखालून सरकत होतं आणि मामांना पत्ता नव्हता. पुढे त्या दोघांचं लग्न ठरलं, पत्रिका मामांच्याच छापखान्यात छापली, आणि मामा मला विचारतात, "आपल्या श्यामचं कुठं जमून राह्यलं का नाई? चांगला पोरगा आहे."

याच्यावरची कडी त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात झाली. आमंत्रण आलं नाही म्हणून मामा रुसून बसले. काकू म्हणाल्या, "दादा, पत्रिका तुमीच तपासली न?" मामा म्हणाले, "तपासली. वाचली नाई." पत्रिकेचं तपासलेलं मुद्रित आणून पाहिलं तर खाली 'आपले विनीत' मध्ये पहिलंच नाव मामांचं, आणि त्यातला एक काना त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलेला. मग नवा सदरा घालून गेले लग्नाला. गेल्या गेल्या मांडवाच्या दारावरची पाटी उतरवायला लावली, कारण 'स्वागतम्' चुकलं होतं.

पाट्यांचं त्यांना वेडच होतं. खिशात खडू असायचा. पवनारला जायला म्हणून बस स्टँडवर जायचे आणि वेळापत्रकाचा फळा दुरुस्त करता करता त्याच फळ्यावरची बस त्यांच्या पाठीमागून निघून जायची. पण इतका शुद्धलेखनाचा अवतार बोलायचा मात्र ठेठ. मले, तुले, काऊन, सगळं. एकदा मी छेडलं, तर म्हणाले, "बोलनं म्हंजे घरचं धोतर बाप्पा. लग्नातला कोट घालून कोणी जेवाले बसते का?"

हे सगळं मी हसत सांगतो आहे खरा, पण त्या वयात मला याचं हसू येत नव्हतं. मला लेखक व्हायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षं मी माझं बरंवाईट सगळं मामांपुढे ठेवत आलो, ते केवळ काना-मात्रेसाठी नव्हे. माझी एक आशा होती, की कधीतरी हा माणूस पोस्टकार्ड बाजूला ठेवेल आणि म्हणेल, हे तू चांगलं लिहिलंस. नाहीतर वाईट लिहिलंस म्हणेल. काहीतरी म्हणेल. पण प्रत्येक वेळी एकच, "दोन लाल, एक निळी. ने."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी आई गेली. तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मी तिच्यावर लिहिलं. आईला अक्षरओळख नव्हती. माझं पत्र आलं की ती ते शेजारच्या मास्तरीणबाईंकडून तीनदा वाचून घ्यायची. एकदा बातमीसाठी, एकदा तब्येतीसाठी आणि एकदा उगाच. खानावळीत वरण पातळ असतं असं मी लिहिलं, की चौथ्या दिवशी बसच्या कंडक्टरजवळ लोणच्याची बरणी यायची. एकदा मी तापानं फणफणलेलो असताना 'मजेत आहे' असं लिहून पाठवलं. आईनं वाचून घेण्याआधी नुसता कागद समोर धरला आणि म्हणाली, ओळी तिरप्या चालल्या आहेत, पोराला बरं नाही. संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे होते. असं सगळं त्या लेखात होतं. लिहिताना मी दोनदा उठून माठाशी जाऊन पाणी पिऊन आलो होतो.

मामांनी तो लेख नेहमीसारखा शेवटाकडून तपासला. मी समोर बसून होतो. कार्ड ओळीओळीनं वर सरकत होतं आणि माझा जीव त्याच्याबरोबर वर वर चढत होता. शीर्षकापाशी पोचल्यावर त्यांनी कागद परत दिला. "एकच वेलांटी. सुधारला बरं तू."

"मामा, कसं वाटलं?"

"काय?"

"लेख. आईवर लिहिलंय."

"असं का?" ते म्हणाले. "मी कुठं वाचलं? मी त तपासलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यापेक्षा माझी अडाणी आई बरी होती, मामा. तिला एक अक्षर येत नव्हतं, तरी तिनं माझं सगळं वाचलं. तुम्हाला सगळी अक्षरं येतात, काय उपयोग?" मामांनी पोस्टकार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि पानाचा डबा उघडून नुसतेच बसून राहिले. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, हे मला माडीचा जिना चढतानाच कळलं. पण खाली उतरून माफी मागण्याइतका मोठा मी तेव्हा नव्हतो. दीड महिना ओसरीवरून मान खाली घालून ये-जा केली. सकाळी त्यांचं खाकरणं माडीवर ऐकू यायचं आणि मला करमायचं नाही.

मग वार्षिकांक निघाला. अंक त्यांच्याच छापखान्यात छापलेला. मी माझं पान उघडलं, आणि पहिल्याच परिच्छेदात चूक. पुढे आणखी एक. दुसऱ्या पानावर दोन. सर वर्गात अंक हलवत म्हणाले, "नवल आहे. एवढ्या जाड अंकात कुठे एक चूक नाही, आणि या एका लेखात चार!" पोरं हसली. म्हाताऱ्यानं डाव साधला असंच मला वाटलं. आईच्या लेखावर असा सूड घ्यावा? मी तास सोडून तरातरा घरी आलो.

मामा तक्तपोसावर बसले होते. कामाच्या दिवशी, भर दुपारी घरी. मांडीवर तोच अंक. मी अंक त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "चार चुका आहेत, मामा."

"पाच," ते म्हणाले. "एक तुले दिसली नाई." आणि मग चष्मा काढून पुसत राहिले. "मालक लई बोलला आज. घरी जा म्हणे. बोलनारच. या खेपेला छापखान्यातलं प्रूफ मी वरून वाचत आलो रे बाबू. दोनदा वाचलं. मंग चुका काई दिसल्याच नाई."

मी अंक बाजूला ठेवला. ते पुन्हा म्हणाले, "एक विचारू का? तू लिवलं, का माय तुही पत्रं जपून ठेवे. पन कुठं ठेवे थे नाई लिवलं. मी लई शोधलं त्याच्यात."

"तुरीच्या डाळीच्या डब्यात," मी म्हणालो. "तळाशी. वर डाळ. कागदांना डाळीचा वास यायचा."

"मंग थे लिवाले पायजे होतं न," मामा म्हणाले. "तेच राहून गेलं."

मी तिथेच, त्या तक्तपोसाच्या कडेला बसून रडलो. आई गेल्यावर अल्लीपूरला चारचौघांत मला रडू आलं नव्हतं, ते वर्ध्याच्या ओसरीवर आलं. काकू आतून पाणी घेऊन आल्या, काय झालं म्हणून मामांकडे पाहू लागल्या. मामांनी त्यांना हातानंच थांबवलं. माफी मी मागितली की नाही, ते आता आठवत नाही. मागितली असेन अशी आशा आहे.

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात गेले आणि पुन्हा उलटे वाचू लागले. मीही परीक्षा देऊन नोकरीसाठी नागपूरला गेलो. ऐंशीच्या दशकात माझ्या गोष्टी मासिकांत येऊ लागल्या, तेव्हा दर वेळी एक अंक वर्ध्याला पाठवायचो. काकूंचं उत्तर यायचं, दादा खुशाल आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. एका उन्हाळ्यात मामा गेल्याचं पत्र आलं. मला जाता आलं नाही. कारण काय होतं तेही आता सांगण्यासारखं वाटत नाही.

पुतणीच्या लेकीला मी शेवटी सांगितलं, घे तो प्रोग्राम, वापर, चुका कमी झाल्या तर वाईट काय आहे. शुद्ध लिहायला मीही असाच शिकलो. पण माझी नंतरची पुस्तकं अगदी स्वच्छ छापली गेली आहेत. जाणत्या लोकांनी तपासली, चांगली म्हणूनही सांगितलं. त्यांत कुणी कधी काही शोधत बसलं नाही. आता या वयात फार काही नको आहे. फक्त एखाद्या दुपारी कुणीतरी माझं लिहिलेलं वरून वाचत यावं, वाचता वाचता त्याचं काम बिघडावं, आणि त्यानं मला विचारावं, की बाबा, हे कुठं ठेवलं होतं ते तू लिहिलंच नाहीस.