भेटीची खोली आणि आमचे पैलवान

कौटुंबिक न्यायालयात त्यांना सगळे पैलवान म्हणायचे. कुस्ती त्यांनी उभ्या आयुष्यात खेळली नव्हती, पण दारात उभे राहिले की दार दिसेनासं व्हायचं, आणि बेलीफाच्या नोकरीला ते सोयीचंच होतं. ते समन्स घेऊन गेले की ‘साहेब घरात नाहीत’ असं सांगायची कुणाची छाती होत नसे. मी तिथे लघुलेखक म्हणून लागले तेव्हा पहिले काही दिवस त्यांना बघून रस्ता बदलायचे. मग एकदा माझी चप्पल तुटली, तेव्हा कपाटाच्या आडोशाला बसून सुईदोऱ्याने शिवून दिली त्यांनी. भीती गेली ती तिथेच.

घटस्फोट या गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. दुपारी डबे उघडले की सुरू व्हायचे. “हे कोर्टच नसतं ना, तर यातले निम्मे लोक भांडून झोपले असते आणि सकाळी उठून चहा प्यायले असते. आपण दुकान मांडून बसलोय म्हणून गिऱ्हाईक येतंय.”

आमच्या समुपदेशक बाई शांतपणे विचारायच्या, “आणि उरलेले निम्मे?”

“त्यांचंही झालं असतं काहीतरी.”

“ते ‘काहीतरी’ डोळ्यांनी बघवेना, म्हणूनच लोकांनी कोर्ट काढलं असेल, पैलवान.”

पैलवान घास चावत राहायचे. पटलं नाही की ते जास्त वेळ चावायचे.

त्यांच्या कामातलं सर्वांत नकोसं काम म्हणजे मुलांना पोचवणं. भेटीचा हुकूम झाला की मूल आईच्या दारातून घ्यायचं आणि बापाकडे न्यायचं, नाहीतर उलट. एकदा एका लहान मुलीने जिन्याचा कठडा धरून ठेवला. वर आई रडतेय, खाली बाप गाडीचा हॉर्न वाजवतोय, शेजारी दारं उघडून बघताहेत. पैलवानांना तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. कोर्टात परत आले ते थेट जजबाईंच्या दालनात गेले आणि म्हणाले, “मॅडम, मी कुणाचंही घर रिकामं करून देईन. पण पोरांना दारातून ओढायला यापुढे मला पाठवू नका.”

जजबाईंनाही ते खुपत असावं. काही महिन्यांनी जुन्या फायलींची एक खोली रिकामी करून घेतली, पिवळा रंग दिला, बुटकी टेबलं आणि खेळणी आणली. आईबापांनी मुलांना तिथे भेटायचं, असं ठरलं. आणि खोलीवर लक्ष ठेवायला नेमलं पैलवानांनाच.

“नोकरी संपत आली आणि मला बालवाडीत घातलं!” ते कुरकुरले. पण आठवडाभरात त्यांनी खोलीचा ताबा घेतला तो कायमचा. इमारतीला दोन जिने होते. आई पुढच्या जिन्याने येणार, बाप मागच्याने, म्हणजे मुलासमोर तोंडाला तोंड नको. दाराची कडी त्यांनी काढून टाकली. “पोराला कळलं पाहिजे, दार कधीही उघडतं.” आणि एक नियम त्यांनी स्वतःच केला. मुलाच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही. “आईला सांग, तुझी वही पाठव” एवढंही नाही. जे सांगायचं ते मला सांगा, मी पोचवतो, नाहीतरी जन्मभर तेच केलंय, असं ते म्हणायचे.

एक बाप यायचा आणि मुलाला नुसते प्रश्न विचारायचा. शाळेत काय झालं, जेवलास का, मामा काय म्हणाला. मुलगा मान खाली घालून बसायचा. पैलवानांनी त्या बापाला बाजूला घेतलं. “तो साक्षीदार आहे का? उलटतपासणी कसली घेता? ही गाडी घ्या, हिचं चाक निखळलंय. दोघं मिळून बसवा.” चाक काही नीट बसलं नाही, पण मुलगा बोलायला लागला.

आणि मग त्यांची स्वतःची लेक पहिलीतल्या मुलाचा हात धरून माहेरी आली, ती परत जायला तयार होईना.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, पुढे कधीतरी. त्या दिवशी त्यांनी लेकीला तेच ऐकवलं जे आम्हाला डब्यावर ऐकवायचे. सांभाळून घे, संसारात भांड्याला भांडं लागतंच. मारतो का? नाही. पितो का? नाही. “मग अडलंय कुठे?”

“बाबा, वर्ष झालं तो माझ्याशी बोलत नाही,” लेक म्हणाली. “एकाच घरात राहतो आम्ही. काही हवं असलं की मुलाला पाठवतो. ‘आईला सांग, भाजी खारट झाली. आईला सांग, मी उशिरा येणार.’ परवा हा झोपेत बरळत होता, ‘आईला सांग, आईला सांग.’ तुम्ही दुसऱ्यांच्या मुलींचं रोज ऐकता. माझंही एकदा ऐका ना.”

पैलवान उठून आत गेले. नातू गादीवर पालथा झोपला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहिले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “उद्या तुला चांगला वकील गाठून देतो.”

कोर्ट आमचंच, त्यामुळे खटला दुसऱ्या जजसाहेबांकडे गेला, आणि नातवाच्या भेटीच्या वेळी खोलीत दुसरा माणूस बसावा असा अर्ज पैलवानांनी स्वतःहून दिला.

त्याच सुमाराला ती खोली बंद करायची टूम निघाली. वकिलांना बसायला जागा नव्हती, ही तक्रार खरीच होती. बैठकीत एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “कोर्टाचं काम निवाडा करणं. पोरं खेळवणं समाजाचं काम आहे. आपण सगळंच सोपं करून ठेवलं तर माणसं नाती जपायला विसरतील.” माणूस तळमळीने बोलत होता, उगीच नाही.

समुपदेशक बाई म्हणाल्या, “समाज म्हणजे कोण, साहेब? आजी-आजोबा, मामा, काका? ते सगळे इथे कुठल्या ना कुठल्या बाजूने साक्षीला उभे असतात. कुणाच्याच बाजूची नाही अशी एक तरी जागा त्या मुलाला नको?”

जजबाईंनी पैलवानांकडे बघितलं. “तुमचं काय म्हणणं?”

ते उभे राहिले. “मला बोलता येणार नाही, मॅडम. माझा नातू येणार आहे त्या खोलीत. मी आता पक्षकार आहे.” आणि खाली बसले. ज्येष्ठ वकिलांनीच पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. शेवटी मधला मार्ग निघाला. शनिवारी खोली मुलांची, बाकीचे दिवस वकिलांची. पुढे वर्षानुवर्षं आमचे भारदस्त वकील बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन मसुदे लिहायचे.

नातवाच्या पहिल्या भेटीच्या शनिवारी पैलवान खाली बाकावर बसले होते, युनिफॉर्म न घालता. जावई मागच्या जिन्याशी येऊन थबकला. हातात रंगपेटी, चेहरा उतरलेला. पैलवानांनी त्याच्यासाठी मनात काय काय रचून ठेवलं होतं! पण तो म्हणाला, “बाबा, तो माझ्याकडे येईल ना?” आणि रचलेलं सगळं विरून गेलं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “पण तू वर जा. तो खिडकीतून बघतोय कधीपासून.”

घटस्फोट झाला. लेकीला नोकरी लागली. पैलवानांना मोडलेल्या संसाराचं दुःख अखेरपर्यंत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. “लग्न टिकावं असंच मला वाटतं अजून,” मला म्हणाले, “पण ज्यांचं टिकत नाही त्यांना जायला जागा हवी, हेही वाटतं. दोन्ही वाटतं. काय करू?”

निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बघायला गेले होते. लेक उशाशी बसली होती. तेवढ्यात जावई नातवाला घेऊन आला. ती उठून जाईल असं मला वाटलं. ती बसून राहिली.

“कसे आहेत?” त्याने तिलाच विचारलं.

“बरे आहेत. औषध घ्यायला कटकट करतात.”

“मी सांगून बघू?”

“बघ. माझं तर ऐकत नाहीत.”

नातू दोघांच्या मधे पलंगावर चढून बसला आणि संत्रं सोलू लागला. पैलवान डोळे मिटून गाढ झोपल्यासारखे पडले होते. पण त्यांच्या मिशा हलत होत्या.