पाइपाची सोयरीक

अकोला ते अमरावती रस्त्यावर धावणारी प्रत्येक गाडी आपल्याच घरची सून आहे, असा माझ्या मावसाजींचा पक्का समज आहे. आवाज जरा बदलला की ते तिला थांबवून तब्येत विचारणार! हा माणूस मेकॅनिक मुळीच नव्हे. पाटबंधाऱ्यातला निवृत्त कारकून. एकदा दर्यापूरला त्यांनी भरलेली जीप अडवली, सगळे प्रवासी खाली उतरवले आणि फॅनबेल्ट तपासला. तो ठणठणीत निघाला. "मंग चांगलंच झालं ना! आता बिनघोर जा," म्हणाले. ड्रायव्हर काय बोलला ते लिहिण्याजोगं नाही.

त्यांची पद्धतही जगावेगळी. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि चहा येईपर्यंत तो कुठून तरी सोयरा निघतोच. मावसाजी इंजिनातही तेच करायचे. पाइप धरायचा आणि नातं विचारत पुढे जायचं.

यंदा मात्र त्यांचे हात थरथरायला लागले. लाजेने त्यांनी बोनेट उघडणंच सोडलं. मांडीवर टॉवेल टाकून, त्याखाली हात लपवून बसून राहायचे. "बोलतच नाई रे कोणाशी," मावशी फोनवर म्हणाली, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

नेमकी तेव्हा माझी गाडी उभ्या उभ्या गचके देत होती. इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून जाळणारा पीसीव्ही व्हॉल्व अडकला असावा, असं अकोल्याच्या मिस्त्रीचं मत. पण तो त्याला सापडेचना. मी गाडी थेट अमरावतीला, मावसाजींच्या दारात नेली.

"माह्यानं होत नाही आता," मावसाजी म्हणाले.

"राहू द्या," मी मुद्दाम थाप मारली. "मिस्त्री म्हणते, या गाडीले तो व्हॉल्व नसतेच."

"नसतेच? काहून नसन? बिनामायबापाचं इंजिन हाय का ते?" आणि उठलेच की!

इंजिन थंड होईपर्यंतही त्यांना दम निघेना. "हा जाडा पाइप हवेच्या डब्याचा. हा ब्रेकचा, याचं कूळ येगळं. अन् हा बारका? याची सोयरीक कुठी केली?" थरथरती बोटं पाइप धरून मागे, खाली, नजर पोचत नव्हती तिथे गेली. "सापडला बे!"

मी तो काढला. बोटाएवढा, तेलाने माखलेला. चांगला व्हॉल्व हलवला की आतून खडखडतो. हा मुका होता. धुऊन, वाळवून मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. "हलवून पाहा" म्हणायच्या आतच तो खडखडू लागला. हाताच्या थरथरीने, आपोआप.

मी मान खाली घातली. मावसाजी हाताकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की मावशी आतून धावत आली. "पायलं का वो, हलवाचीबी मेहनत वाचली!"

गाडी शांत चालू झाली. निघताना त्यांनी हात वर करून निरोप दिला. तो किती त्यांनी हलवला आणि किती आपोआप हलला, कोण जाणे. मी वळणावर पोचेपर्यंत हलत होता.