रविवारचा सिनेमा

मी अमरावतीत लग्नांचे व्हिडिओ करून घर चालवतो आणि स्वतःचा सिनेमा रविवारी करतो. वरूडजवळच्या एका संत्राबागेवर माहितीपट करायचं ठरवलं, तेव्हा नियमही ठरवला: दर रविवारी निदान एक शॉट. वर्षभर एकही रविवार चुकवला नाही. फुलं यावीत म्हणून पाणी तोडून ताण दिलेली, पानं गळालेली झाडं घेतली. उरला होता फक्त बहार.

मंगळवारी मालकाचा फोन आला. "भाऊ, सारा बगिचा पांढरा झाला. या लवकर."

मी अकोल्यात एका लग्नाच्या कामात होतो. "रविवारी येतो," म्हणालो.

शुक्रवारी गारपीट झाली. रविवारी पोचलो तेव्हा फुलं चिखलात पडली होती.

"झाड काय रविवार पाहून फुलते, भाऊ?" मालक म्हणाला.

"पुढच्या बहाराला येतो."

"काह्याचा पुढचा? झाडं बुढी झाली. औंदा बगिचा तोडून राह्यलो मी."

ठरल्याप्रमाणे मी त्याही रविवारचा शॉट घेतला. वर्षभराचं चित्रीकरण तारीखवार लावून ठेवलं आहे. त्यात झाडावरचं फूल कुठंच नाही, आणि संत्र्याचा असा सिनेमा कोणाला दाखवायचा?