समुद्राला बोअरचं पाणी

लातुरात समुद्र आणायचा, असं मी ठरवलं तेव्हा माझं वय पन्नाशीला टेकलं होतं. या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळतात, प्लॉट बघत हिंडतात, फार झालं तर सकाळी मैदानावर जमून टाळ्या वाजवत हसतात. मला मात्र मोबाइलवर खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचा एक व्हिडिओ दिसला आणि मी कामातून गेलो. निळ्या उजेडात पोवळी डुलत होती आणि नारिंगी मासे त्यांच्यातून आत-बाहेर करत होते. तो व्हिडिओ मी जेवताना पाहिला, चहा पिताना पाहिला, आणि मी इथल्या एका शिकवणीत रसायनशास्त्र शिकवतो म्हणून सांगतो, मुलं चाचणी सोडवत होती तेव्हा टेबलाखाली धरूनही पाहिला.

बायको म्हणाली, "अहो, आपण नळाला पाणी कधी येतंय म्हणून कान लावून बसतो, आणि तुम्ही समुद्र आणायलात?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी उत्तराच्या भानगडीत न पडता टाकी मागवली.

टाकी आली, तिच्याखालचं कपाट आलं, पंप आले, दिवा आला. मग पार्सलनं पोवळ्याची पांढरी वाळू आली, मिठाची भली मोठी बादली आली आणि दगड आले. दगड पाहून बायकोचा संयम संपला. तिचं माहेर लातूरजवळच्या मुरुडचं. "दगड विकत आणले? आमच्या शेतात या म्हणावं, उचलून न्या, वर जेवूनही जा!" हे दगड सच्छिद्र असतात, त्यांत जिवाणू राहतात, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं माहेरी फोन करून सगळ्यांना ते जसंच्या तसं सांगितलं, आणि पलीकडून हसण्याचा जो गदारोळ उठला तो मला हॉलमध्ये ऐकू आला.

त्याच दिवसांत आई गावाकडून, हिमायतनगरहून आमच्याकडे आली होती. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं करून घेतलं होतं. वडील गेल्यापासून ती तिकडच्या घरात एकटी राहायची. गेल्या वर्षी अंगणात पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच भिंतीला टेकून बसून राहिली. हे तिनं आम्हाला सांगितलंही नव्हतं, शेजारणीनं सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं की आता आईनं कायमचं इथं राहावं. आईच्या डोक्यातही एकच होतं. डोळा बरा झाला की जायचं. तिकडं विहार होता, विहारातल्या बायका होत्या, पौर्णिमेची खीर होती. इथं लातुरात दोन खोल्या, एक हॉल, आणि दिवसभर शिकवणीला गेलेला मुलगा नि नोकरीला गेलेली सून. "मी इथं काय करू? मला काई कामच न्हाई," असं ती म्हणायची आणि ते खरं होतं.

टाकी पाहून तिनं पहिला प्रश्न विचारला, "खायचे का?"

"नाही आई, बघायचे."

"मग एवढं मीठ कशाला?"

मिठाचं पाणी कालवण्याचा दिवस म्हणजे आमच्या घरचा सणच. मी बर्मुडा घालून बादल्या भरत होतो, फिल्टरचं पाणी मोजत होतो, त्यात मीठ ओतून बायकोच्या मोठ्या पळीनं ढवळत होतो. ती पळी मला परत स्वयंपाकघरात नेता येणार नाही, असं मला नंतर कळवण्यात आलं. क्षारता मोजायला दुर्बिणीसारखी एक नळी मिळते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. मी खिडकीत उभा राहून तसं केलं तर समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बाईंनी पदर सावरला आणि आत निघून गेल्या. बायकोनं जाऊन खुलासा केला तेव्हा कुठं मिटलं.

पाणी भरलं, दगड रचले, दिवा लावला, आणि मग काहीच नाही. ही या छंदातली सर्वांत अवघड पायरी. जिवाणू वाढेपर्यंत काही आठवडे मासे टाकायचे नसतात. गल्लीत मात्र बातमी पसरलेली. लोक चपला काढून आत येत, टाकीपुढे वाकत आणि विचारत, "मासे कुठायत सर?"

"यायचेत अजून."

"मग आत काय हाय?"

"जिवाणू."

त्यानंतर चहा घ्यायला कोणी थांबत नसे.

अखेर मासे हैदराबादहून रात्रीच्या बसनं निघाले. थर्माकोलचं खोकं पहाटे स्टँडवर उतरवून घेतलं आणि ते छातीशी कवटाळून ऑटोत बसलो. "सावकाश घ्या, खड्डा चुकवा," असं मी दर मिनिटाला बजावत होतो. ऑटोवाल्यानं आरशातून दोन-तीनदा पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, किडनी हाय का?" लातुरात दवाखाने इतके की त्याचं काही चुकलं नव्हतं. मासे आहेत म्हटल्यावर त्यानं भाडं सांगितलं तेच घेतलं, पण उरलेल्या रस्त्यात एकही खड्डा चुकवला नाही.

त्या खोक्यात दोन नारिंगी जोकर मासे होते, आणि एका दगडाच्या तुकड्यावर चिकटलेला पोवळ्यांचा झुबका. हिरव्या देठांवर नारिंगी चकत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. टाकीत ठेवल्यावर सगळ्या चकत्या मिटून गेल्या होत्या. दुपारपर्यंत एकेक करून उघडल्या. आईला खुर्चीत बसवलं. डोळ्यावरचा काळा चष्मा त्याच आठवड्यात निघालेला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्यो रंग खराच एवढा हाय, का माझा डोळा नवा हाय म्हणून?" मला इतका आनंद झाला की मी उगाचच पंप काढून परत बसवला.

या माशांच्या जोडीतला मोठा मासा मादी असतो आणि घरात तिचंच चालतं, हे मी वाचून दाखवलं. सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. "समजूतदार जात आहे," बायको म्हणाली.

आता इथं पाण्याचं एक शास्त्र सांगायला हवं. टाकीतलं पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. ते मागेच राहतं. म्हणून रोज जेवढं पाणी कमी होईल तेवढं गोडं पाणी, म्हणजे फिल्टरचं बिनमिठाचं पाणी, वरून घालायचं. मी काचेवर मार्करनं रेघ मारली होती. उन्हाळा तोंडावर होता आणि पाणी रोज बोटभर खाली जायचं. सकाळी मी तांब्यानं गोडं पाणी घालून रेघ गाठायचो. आई खुर्चीतून हे टक लावून बघायची.

मग एक चमत्कार झाला. पाणी कमी होणंच थांबलं. सकाळी उठून बघावं तर पाणी रेघेला टेकलेलं. बाहेर ऊन असं की डांबर मऊ पडलेलं, आणि माझ्या टाकीतून थेंब उडत नव्हता. मी खूश. मी यावर विचार केला, हॉलमधल्या हवेची दिशा तपासली, पंख्याची गती तपासली, आणि काचेच्या झाकणाचा कोन हेच कारण आहे असा निष्कर्ष काढला. वर्गात बाष्पीभवन शिकवताना फळ्यावर त्या झाकणाची आकृती काढली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. देव करो आणि परीक्षेत त्यावर प्रश्न न येवो.

पण टाकीत काहीतरी बिनसत होतं. दगडांवर हिरवी लव उगवली, मग तिच्या झिपऱ्या झाल्या. वाळू तपकिरी पडली. आणि एका सकाळी पोवळ्यांच्या सगळ्या चकत्या मिटल्या त्या उघडेचनात. मासे एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पाण्याची तपासणी केली तर नायट्रेट एवढं निघालं की शेतात घातलं असतं तर ऊस तरारला असता. हे येत कुठून होतं? मी खाद्य कमी केलं, दिव्याचा वेळ कमी केला, पंप धुतले. आई म्हणाली, "तू जेवलास का?" मी म्हटलं, पोवळी उघडली की जेवीन.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो आणि हॉलमध्ये आलो. आई स्टुलावर चढली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेली, गेल्या वर्षी पडलेली माझी आई एका हातानं कपाट धरून दुसऱ्या हातानं तांब्या रिता करत होती. खाली मागच्या मोरीतली बादली होती. बोअरच्या पाण्याची.

"आई! काय करून राहिलीस?" लातुरात इतकी वर्षं काढली तरी घाबरलो की माझ्या तोंडातून हिमायतनगर निघतं.

ती दचकली नाही. उलट दोन बोटं तोंडावर ठेवून मला गप्प केलं. "हळू बोल. सुनेला कळू देऊ नको. तू लोकांना शिकवून राहिलास अन् समुद्राच्या जीवाला गोडं पाणी घालून राहिलास. ती बघंल तर हसंल तुला. म्हणून मी गुपचूप खारं घालते. आपल्या बोअरचं लई खारं हाय, डाळ शिजत न्हाई त्याच्यात. म्हणलं, ह्यांना मानवंल."

मी आधी तिला हात धरून खाली उतरवलं. आमच्याकडे पाणी दोनच जातींचं. डाळ शिजली तर गोडं, नाही शिजली तर खारं. समुद्राचं खारं आणि बोअरचं खारं, शब्द एकच; बोअरच्या खाऱ्यात मीठ कमी आणि नायट्रेटच जास्त, हे तिला कोण सांगणार? तिच्या हिशेबात कुठंच चूक नव्हती. माझं झाकण, माझा कोन, फळ्यावरची आकृती, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू फुटलं. मी हसता हसता पोट धरलं. बायको उठून आली, तिला कळलं, तीही स्टुलावर बसून हसायला लागली.

आई मात्र हसली नाही. मी तिला आमटीचं उदाहरण दिलं. "आमटी आटली की काय घालतेस?"

"पाणी."

"वरून मीठ घालतेस का?"

"न्हाई. खारट होईल ना."

"मग हे तेच."

तिला लगेच कळलं, आणि कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळं मरून राहिले ते." मी नाही नाही म्हटलं, पाणी बदललं की सुधारतील म्हटलं. ती मिटलेल्या चकत्यांकडे बघत होती. "मला न्हाई जमत बाबा हितं. हात लावते ते बिघडतं. ह्ये फूल उघडू दे. उघडलं का मला गाडीत बसवून दे. तोवर तिकडं जीव लागणार न्हाई माझा."

तेव्हापासून माझी जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही. मी नवं मीठ कालवत होतो, जुनं पाणी उपसत होतो, टूथब्रशनं दगडांवरच्या झिपऱ्या खरडत होतो, आणि मनातल्या मनात म्हणत होतो, उघड बाई, पण सावकाश उघड. पोवळी मिटलेली राहिली तर मरणार, आणि उघडली तर आई जाणार. मला दोन्ही नको होतं आणि दोन्हीसाठी मीच राबत होतो. बायको म्हणाली, "आत्याबाई, रोजचं गोडं पाणी तुम्हीच घाला, यांचा भरवसा नाही." आईनं आधी कानावर हात ठेवले. मग स्टूल नको, खुर्चीवरूनच, अशा अटीवर तयार झाली. फिल्टरचा तांब्या ती इतक्या जपून रिता करायची की थेंबाचाही आवाज होत नसे. मला शिकवणीत असताना फोन यायचा, "रेघेच्या वर गेलं थोडं. काढू का?"

मासे कोपऱ्यातून बाहेर आले आणि खायला लागले. एक चकती उघडली, मग चार, मग सगळ्या. त्या दुपारी मी शिकवणीतून घरी आलो तर दारातूनच दिसलं. झुबका पहिल्या दिवशी होता त्याहून मोठा फुललेला, काठावर दोन नव्या इवल्या चकत्या. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी आईची गाडी आठवली. आई टाकीसमोर खुर्ची ओढून बसली होती. नाक काचेला लागायचं बाकी होतं. हातात फोन होता आणि पलीकडे हिमायतनगरची शेजारीण होती. स्पीकर चालू होता.

"कधी येऊन राहिल्या मग?" शेजारीण विचारत होती. "विहारात समद्या विचारतात."

आईनं त्या भरगच्च फुललेल्या झुबक्याकडे नीट बघून घेतलं.

"कुठलं येऊ बाई," ती म्हणाली. "फूल अजून उघडलंच न्हाई."